शहर भारी, नोकऱ्यांची मात्र बोंब

काही शहरांचं नुसतं नाव काढलं तरी समोरचा "अरे वा, नशीबवान आहेस" म्हणतो. समुद्र आहे, हवा मस्त, पायी फिरता येतं, संध्याकाळी कुठे ना कुठे काहीतरी चालू असतं, लोकही मोकळेढाकळे. आणि मग तिथे खरंच जाऊन राहिलेला कोणी भेटला की तो वेगळंच काहीतरी सांगतो, की बाबा राहायला स्वर्ग आहे पण काम नाही, आणि जे आहे त्याचा पगार सांगायची लाज वाटते. ऐकणाऱ्याला हे पटतच नाही. एवढं छान शहर, एवढी शिकलेली माणसं, मग कंपन्या का नाहीत? नक्की तिथल्या सरकारचं काहीतरी चुकतंय, नाहीतर हा गडीच धड शोधत नसणार.

मी नोकऱ्यांच्या जाहिराती उगाच वाचत बसणाऱ्यांपैकी आहे, म्हणजे बदलायची नसली तरी कुठल्या शहरात काय ओपनिंग आहे, किती देतायत, हे बघत बसायला मला आवडतं. त्यावरून आणि मग त्यावर जे काही वाचत गेलो त्यावरून माझं पक्कं मत झालंय की यात कोडं असं काही नाहीच. शहर लोकांना हवंहवंसं वाटतं हेच तिथल्या नोकऱ्यांचा बाजार मऊ, म्हणजे काम कमी आणि शोधणारे जास्त, असण्याचं एक मोठं कारण आहे. एकमेव नाही, पण मोठं.

सुरुवात ॲडम स्मिथपासून करतो, कारण त्याने १७७६ सालीच यातलं अर्धं सांगून ठेवलंय. त्याचं म्हणणं असं की मजुरी फक्त कौशल्यावर ठरत नाही, काम किती कष्टाचं, किती घाण, किती कमी इज्जतीचं यावरही ठरते, आणि उदाहरण म्हणून त्याने थेट जल्लाद घेतला. सगळ्यात नकोसं काम, त्यामुळे जेवढं काम असतं त्याच्या मानाने पैसे सगळ्यात चांगले. आता हेच उलटं करून शहराला लावा. १९७९ मध्ये शेरविन रोझेन आणि मग १९८२ मध्ये जेनिफर रोबॅक या अर्थतज्ज्ञांनी ते नीट मांडलं. समजा दोन शहरं आहेत, काम सेम, पगार सेम, भाडं सेम, पण एका शहरात हवा छान आणि दुसरं कळकट. मग कळकट शहरात कोण राहील? सगळे उठून छान शहरात जाणार. जात राहणार. कधीपर्यंत, तर छान शहरातलं भाडं इतकं वर आणि पगार इतका खाली येईपर्यंत की जाण्यातला फायदाच संपेल. म्हणजे छान हवेचे पैसे तुम्ही भरताच, फक्त त्याची पावती मिळत नाही, थोडे भाड्यातून जातात आणि थोडे पगारातून कापले जातात.

यात कोणी मालक बसून हिशोब करतो असं नाही हं. त्याला एवढंच दिसतं की कमी आकडा सांगितला तरी माणूस हो म्हणतोय. आणि आज नाही म्हणाला तर उद्या दुसरा येतोय. उलटी बाजू बघायची असेल तर सोव्हिएत काळात अतिउत्तरेच्या थंडीत काम करायला जाणाऱ्यांना पगारावर ठरावीक जास्तीचा गुणक लावून पैसे मिळायचे, रशियात ती पद्धत अजून आहे. ऑस्ट्रेलियाच्या पिलबारा भागातल्या लोखंडाच्या खाणींत माणसं विमानाने नेऊन आणून काम करून घेतात आणि पगार दणदणीत देतात, कारण त्या उन्हात आणि धुळीत कोणी हौसेने राहायला जात नाही. तिथे पैसे द्यावेच लागतात. छान शहरात ते काम समुद्र करतो.

पण रोबॅकच्या मांडणीतली एक गोष्ट लोक विसरतात. त्यात कंपन्यापण आहेत. छान शहरात जागा महाग झाली की ती कंपनीलाही महाग पडते ना. आणि समुद्र माणसाला आवडतो, कंपनीला त्याचा काय उपयोग, ती काय पोहायला जाणारे? बंदर असेल तर गोष्ट वेगळी. नुसता सूर्यास्त छान दिसतो म्हणून कुठल्या कारखान्याचं उत्पादन वाढत नाही. त्यामुळे ज्या धंद्याला भरपूर जागा लागते आणि जो कुठूनही चालू शकतो तो हळूहळू स्वस्त जागी सरकतो, आणि छान शहरात उरतात ते असे धंदे ज्यांचं गिऱ्हाईकच तिथे आहे. हॉटेल, दुकान, दवाखाना, घरबांधणी, इस्टेट एजंट. हे लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

आता कोणी म्हणेल की ठीक आहे, पगार कमी का ते समजलं, पण नोकऱ्याच मिळत नाहीत त्याचं काय? पगार खाली आला तर उलट जास्त लोकांना कामावर ठेवता यायला पाहिजे. बरोबर प्रश्न आहे. त्यासाठी १९७० चा एक जुना विचार उपयोगी पडतो, जॉन हॅरिस आणि मायकेल टोडारो या दोन अर्थतज्ज्ञांचा. त्यांच्यासमोर पूर्व आफ्रिकेतली परिस्थिती होती, केनियासारख्या ठिकाणी गावातून लोक शहरात येत होते, शहरात बेरोजगारी ढिगाने, तरी येतच होते. त्यांनी म्हटलं की माणूस शहरातला पगार बघून येत नाही, तो पगार आणि तो मिळायची शक्यता यांचा गुणाकार करून येतो. त्यामुळे शहरात रांग लागते, आणि रांग तेवढीच लांब होते जेवढी लोकांना परवडते. यातला खरा झटका पुढे आहे, शहरात नव्या नोकऱ्या काढल्या तर बेरोजगारी कमी व्हायच्या ऐवजी वाढूही शकते, कारण बातमी ऐकून आणखी लोक येतात.

छान शहराच्या बाबतीत माझ्या मते या गुणाकारात आणखी एक गोष्ट येते, ती म्हणजे रांगेत उभं राहणंच मुळात आनंदाचं असतं. कळकट शहरात चार महिने काम नाही मिळालं तर माणूस बॅग भरतो. छान शहरात म्हणतो, बघू अजून थोडं. तोवर कॅफेत शिफ्ट करतो, ओळखीच्यांची छोटीमोठी कामं करतो, एका खोलीत तिघं राहतात, रविवारी डोंगरावर जातो. आणि त्याची काही तक्रारही नसते! अमेरिकेतलं ऑरेगन राज्यातलं पोर्टलंड हे याचं गाजलेलं उदाहरण आहे. २००९ च्या मंदीत ऑरेगनमधली बेरोजगारी ११ टक्क्यांच्या पुढे गेली होती, म्हणजे देशाच्या सरासरीपेक्षा चांगलीच जास्त, तरी शिकलेली तरुण मुलंमुली तिथे येतच होती. तिथल्याच पोर्टलंड स्टेट युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी आकडे काढून बघितले तर तेजी असो नाहीतर मंदी, ही मंडळी येतात, आणि आल्यावर त्यातले बरेच जण शिक्षणाच्या मानाने हलकी कामं नाहीतर अर्धवेळ कामं करतात असं दिसलं. नोकरी बघून शहर निवडलेलंच नाही. शहर निवडलं, नोकरी मग बघू.

युनिव्हर्सिटीवाल्या छोट्या शहरांत हेच होतं, फक्त तिथे बाहेरून यायचीपण गरज नाही. दरवर्षी एक बॅच बाहेर पडते, त्यातल्या काहींना शहर सोडवत नाही, मित्रमैत्रिणी तिथेच, सवयीची गल्ली तिथेच. आणि तिथला प्रत्येक मालक हे ओळखून असतो. लायब्ररीतल्या साध्या असिस्टंटच्या जागेला पीएचडीवाले अर्ज करतात ते उगाच नाही.

आणि आता बाहेर जायच्या दाराकडे बघू. ऑलिव्हिए ब्लांशार आणि लॉरेन्स कॅट्झ यांनी १९९२ मध्ये अमेरिकेतल्या राज्यांचा अभ्यास केला होता, की एखाद्या राज्यातल्या नोकऱ्यांना दणका बसला तर पुढे काय होतं. काही वर्षांत बेरोजगारी परत नॉर्मलला येते, पण ती नव्या नोकऱ्या आल्या म्हणून फारशी नाही, तर माणसं निघून गेली म्हणून. म्हणजे बाजार दुरुस्त होतो तो लोक सोडून गेल्यामुळे. डेट्रॉइट बघा, १९५० मध्ये साधारण साडेअठरा लाख लोक होते, २०२० मध्ये साडेसहा लाखही नव्हते. गाड्यांचे कारखाने गेले आणि त्यांच्यामागून लोक गेले. आता हाच दणका एखाद्या लाडक्या शहराला बसला तर? लोक जातच नाहीत. किंवा जातात त्याच्या जागी दुसरा हजर. म्हणून डेट्रॉइटची नोकऱ्यांची मंदी आणि समुद्राकाठच्या लाडक्या शहराची मंदी या दोन वेगळ्या आजारांना एकच औषध देण्यात काही अर्थ नाही, एकात माणसं पळतायत आणि दुसऱ्यात हलायला तयार नाहीत.

(ज्यांनी अर्थशास्त्र वाचलंय ते इथे मला पकडतील की हॅरिस-टोडारोप्रमाणे तर जास्त पगाराच्या जागी जास्त बेरोजगारी दिसायला हवी. हो, पण ब्लांचफ्लॉवर आणि ऑस्वल्ड यांनी कितीतरी देशांचे आकडे तपासले तेव्हा सरसकट उलटंच दिसलं, जिथे बेरोजगारी जास्त तिथे पगार कमी. छान शहराच्या बाबतीत मला हे दोन्ही एकत्र खरं वाटतं. रांग लांब आहे, आणि रांग लांब आहे म्हणून पगार खाली आहे.)

आता मघाशी लक्षात ठेवा म्हटलं होतं ते. शहर पोट भरतं कशावर? घरातल्या सगळ्यांनी एकमेकांचे केस कापले म्हणून घर चालत नाही, कोणीतरी बाहेर जाऊन कमावून आणावं लागतं. शहराचंही तसंच, बाहेरच्यांना काहीतरी विकून पैसा आत यावा लागतो, मग त्यावर न्हावी, शिक्षक, वकील, डॉक्टर सगळे जगतात. एन्रिको मोरेत्ती या अर्थतज्ज्ञाचा अंदाज आहे की हायटेक क्षेत्रातली एक नोकरी त्या शहरात पुढे साधारण पाच नोकऱ्या तयार करते. कारखान्यातल्या साध्या नोकरीचा हा परिणाम बराच कमी असतो. म्हणजे बाहेर काय विकता यावर सगळं ठरतं.

आणि छान शहर बाहेरच्यांना काय विकतं? बहुतेक वेळा स्वतःलाच. पर्यटन. पैसा येतो, अजिबात येत नाही असं नाही, पण पर्यटनाच्या नोकऱ्या कशा असतात ते बघा. चादरी बदलणे, टेबल लावणे, गाडी चालवणे, काउंटरवर हसणे. यात वाईट काही नाही, पण पाच वर्षं मन लावून चादरी बदलल्या म्हणून सहाव्या वर्षी पगार दुप्पट होत नाही. वर जायची शिडीच आखूड. वरच्या जागा म्हणजे मार्केटिंग, फायनान्स, सॉफ्टवेअर, त्या हॉटेल साखळीच्या हेड ऑफिसात, आणि हेड ऑफिस भलत्याच शहरात. परत सीझन संपला की काम संपलं.

हवाई बेटांवर हे फार उघड दिसतं. एकेकाळी तिथे ऊस आणि अननसाचे मळे होते, शेवटचा मोठा साखर कारखाना माउई बेटावर २०१६ च्या शेवटी बंद झाला. २०१९ मध्ये एक कोटीच्या वर पर्यटक आले. बेरोजगारी अगदी कमी होती, कागदावर बघाल तर बाजार एकदम तगडा. पण तिथल्या लोकांना विचारा, दोन-दोन नोकऱ्या करून घरभाडं भरणारे ढिगाने. आणि मग २०२० चा मार्च आला, येणाऱ्याला चौदा दिवस क्वारंटाइन लागलं, एप्रिलमध्ये पर्यटक जवळजवळ शून्यावर आले आणि बेरोजगारी एकदम वीस टक्क्यांच्या वर. बाकीच्या ठिकाणीही हाल झालेच, पण ज्यांच्याकडे विकायला दुसरं काही होतं ते इतके खाली गेले नाहीत. म्हणून मी बेरोजगारीचा एकटा आकडा बघून कुठल्याही शहराला चांगलं म्हणत नाही. जे सोडून गेले ते त्या आकड्यात नसतात, जे दोन नोकऱ्या करतात ते त्यात सुखी दिसतात, आणि इंजिनिअर होऊन गाइडचं काम करणारा तर सरळ "रोजगार आहे" या रकान्यात जातो.

व्हेनिसचं काय सांगायचं. १९५१ मध्ये जुन्या शहरात पावणेदोन लाखांच्या आसपास माणसं राहायची, २०२२ मध्ये तो आकडा पन्नास हजारांच्या खाली गेला. जगात सगळ्यांना बघायचं असलेलं शहर, आणि तिथे राहणारे एवढेच. तिथे मात्र लोक गेले, कारण घरंच पर्यटकांना भाड्याने गेली. छान असण्याचा पार शेवट गाठला की असं होत असावं.

जागेच्या टंचाईवर जास्त लिहीत नाही, त्यावर सगळेच लिहितात. डोंगर आणि समुद्र यांच्या मध्ये शहर असलं की वाढायला जागा नसते, कॅलिफोर्नियातलं सांता बार्बरा, कॅनडातलं व्हँकुव्हर वगैरे. त्यात तिथे आधीच घर घेतलेल्यांना नवीन बांधकाम नको असतं, कारण त्यांचं शहर आत्ताच छान आहे ना. व्हँकुव्हरची गंमत अशी की कॅनडातली सगळ्यात महागड्यांतली घरं तिथे आणि पगार त्या मानाने काहीच नाहीत, बँकांची हेड ऑफिसं टोरंटोत, तेलवाल्यांची कॅल्गरीत. मग एवढी महाग घरं घेतं कोण? ज्यांचा पैसा पगारातून येत नाही ते. बाहेर कमावून आलेले, रिटायर झालेले, गुंतवणुकीवर जगणारे. याचं टोक बघायचं तर अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यातली टिटन काउंटी, काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं. डोंगर, बर्फ, स्कीइंग. अमेरिकेत माणशी उत्पन्नात ती एकदम वरच्या जागी असते, आणि त्या उत्पन्नाचा मोठा भाग व्याज, डिव्हिडंड असल्या गोष्टींचा. सरासरी बघून कोणी तिथे नोकरी शोधायला गेला तर त्याला कळेल की ज्यांची सरासरी एवढी मोठी आहे ते कुठल्या ऑफिसात जातच नाहीत.

माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची गोष्ट पुढची आहे आणि तिच्याबद्दल लोक सगळ्यात कमी बोलतात. ती म्हणजे दुसरी नोकरी. पहिली नोकरी छान शहरात मिळून जाते हो. ऑफर येते, पगार थोडा कमी पण चालेल म्हणतो, सामान हलवतो, पडदे लावतो. प्रश्न येतो तीन वर्षांनी. बॉस बदलतो, किंवा कंपनी तो विभागच बंद करते, किंवा नुसताच कंटाळा येतो आणि मग कळतं की या शहरात आपल्या कामाची दुसरी कंपनीच नाही. आल्फ्रेड मार्शल या अर्थतज्ज्ञाने १८९० मध्ये लिहिलं होतं की एका धंद्याचे लोक एका जागी जमले की त्या धंद्याचं ज्ञान जणू हवेतच असतं, पोरंसुद्धा नकळत शिकतात, आणि मालकाला माणूस आणि माणसाला मालक पटकन सापडतो. ही शेवटची गोष्ट मोठी आहे. जिथे पन्नास कंपन्या आहेत तिथे वाईट बॉस ही दोन महिन्यांची अडचण असते. जिथे एकच आहे तिथे ती तुमची जिंदगी होते.

अशा बाजारात, जिथे लोकांचे श्रम विकत घेणारा जवळजवळ एकटाच असतो, तिथे काय होतं ते जोन रॉबिन्सन या अर्थतज्ज्ञ बाईंनी १९३३ मध्ये मांडलं होतं. आपण एकच विकणारा असलेल्या मक्तेदारीबद्दल खूप बोलतो, एकच घेणाऱ्याबद्दल कमी. अशा मालकाला पगार वाढवायचं कारण नसतं, तुम्ही जाणार कुठे? आणि तुम्हाला घर आवडतं, मुलांची शाळा आवडते, किनारा आवडतो, हे त्यालाही माहितीये. शहराचं प्रेम म्हणजे त्याच्या हातातला हुकमाचा पत्ता आहे. मला आलेल्या एका ऑफरच्या बोलण्यात समोरच्याने पगाराचा विषय निघाला की दर वेळी "पण इथलं लाइफस्टाइल बघा ना" सुरू केलं, नाव नाही घेत, पण आकडा काही हलला नाही. हलवायची त्याला गरजच नव्हती. तो बरोबरच बोलत होता खरं तर, लाइफस्टाइल हा पगाराचाच भाग होता, फक्त त्यातून पीएफ कापला जात नाही आणि पुढच्या कंपनीला "मागचा पगार किती" सांगताना तो धरता येत नाही.

जोडपं असेल तर हे सगळं दुप्पट. दोघांनाही आपापल्या शिक्षणाचं काम एकाच शहरात पाहिजे. डोरा कोस्टा आणि मॅथ्यू कान यांनी अमेरिकेचे १९४० ते १९९० चे आकडे बघितले, दोघंही पदवीधर असलेली जोडपी त्या काळात मोठ्या शहरांत जास्त जास्त एकवटत गेली. मोठं शहर छान असेलच असं नाही, पण तिथे दोघांनाही काहीतरी सापडतं. छोट्या सुंदर शहरात एकाला सापडतं आणि दुसरा, बहुतेक वेळा दुसरी, "सध्या ब्रेक घेतलाय" म्हणते. तो ब्रेक बेरोजगारीच्या आकड्यात येत नाही हे वेगळं सांगायला नको.

मग छान शहराचं नशीब कधी पालटतच नाही का? पालटतं. बर्लिन. महायुद्धानंतर सीमेन्सने मुख्यालय म्युनिकला नेलं, विजेची उपकरणं बनवणारी एईजी फ्रँकफर्टला गेली, बँकाही फ्रँकफर्टला. १९६१ मध्ये भिंत उभी राहिली, पश्चिम बर्लिन म्हणजे चारी बाजूंनी वेढलेलं बेट आणि सरकारी अनुदानावर तगलेलं. १९८९ मध्ये भिंत पडली, लोकांना वाटलं आता काय, राजधानी होणार, धंदे येणार. झालं उलटं. पूर्वेकडचे कारखाने धडाधड बंद पडले, पश्चिमेकडची अनुदानं आटली, आणि २००५ च्या आसपास बेरोजगारी १९ टक्क्यांच्या घरात गेली. त्याच काळात, २००३ मध्ये, महापौर क्लाउस वोवेराइट म्हणाले की बर्लिन गरीब आहे पण सेक्सी आहे. हे वाक्य इतकं चिकटलं की शहराची जाहिरातच झाली. जगभरातून कलाकार, संगीतवाले, रिकामटेकडे, हुशार, सगळे आले, कारण घरं रिकामी होती आणि भाडं नगण्य. इथे मोठा फरक आहे. व्हँकुव्हरमध्ये रांगेत उभं राहायला पैसे लागतात, बर्लिनमध्ये तेव्हा फारसे लागत नव्हते. त्यामुळे कमाई नसलेली पण डोकं असलेली माणसं तिथे वर्षानुवर्षं टिकू शकली, त्यांच्या आजूबाजूला मग स्टार्टअप उगवले, ऑनलाइन कपडे-चपला विकणारी झालांडो २००८ मध्ये सुरू झाली, २०२२ मध्ये शहराच्या अगदी बाहेर टेस्लाचा कारखाना आला.

आणि मग भाडी वाढली. इतकी की शहराने २०२० मध्ये भाड्यावर मर्यादा घालणारा कायदा केला, तो २०२१ मध्ये घटना न्यायालयाने उडवला कारण असा कायदा करायचा अधिकार राज्याचा नव्हता (जर्मनीत बर्लिन शहर हेच एक राज्य आहे). मला यात खटकतं ते हे की ज्यांनी गरीब काळात ते शहर सेक्सी ठेवलं त्यातल्या बऱ्याच जणांच्या वाट्याला नोकऱ्या आल्याच नाहीत, भाडं मात्र आलं. त्यामुळे कोणी "हे शहर पुढचं बर्लिन आहे" म्हणालं की मी आधी तिथलं भाडं बघतो. भाडं आधीच आभाळाला भिडलेलं असेल तर ते बर्लिन नाही, ते फक्त महाग आहे.

आता सगळ्यांचं आवडतं उत्तर, वर्क फ्रॉम होम. नोकरी एका शहरातली, राहायचं दुसऱ्या शहरात, प्रश्न सुटला. ज्याला जमतं त्याचा सुटतो, नाकारत नाही. पण शहराचा सुटतो का? पोर्तुगाल बघा. २०१३ च्या सुमाराला तिथली बेरोजगारी १६ टक्क्यांच्या वर होती, शिकलेली मुलं देश सोडून जात होती. २०२२ मध्ये त्यांनी रिमोट काम करणाऱ्या परदेशी लोकांसाठी खास व्हिसा काढला, आणि त्याची अट होती की तुमचं उत्पन्न पोर्तुगालच्या किमान वेतनाच्या किमान चौपट पाहिजे. परत वाचा. चौपट. लिस्बनमध्ये घर शोधताना तिथला पोरगा कोणाशी स्पर्धा करतोय ते सरकारनेच कागदावर लिहून दिलं. बाहेरून आलेला कॉफी पितो, घर भाड्याने घेतो, केस कापतो, म्हणजे नोकऱ्या तयार होतात, पण परत त्याच, काउंटरमागच्या. त्याची स्वतःची नोकरी लिस्बनच्या बाजारात कधी येतच नाही, ती जिथे आहे तिथेच राहते. आणि कंपनीने उद्या "सगळे ऑफिसला या" म्हटलं की त्याच्या हातात परत तोच पातळ लोकल बाजार.

मग जाऊच नये का? असं मी म्हणणार नाही. पगाराचा काही भाग समुद्राच्या रूपात घेणं हा मूर्खपणा नाही, ज्याला समुद्र खरंच रोज लागतो त्याच्यासाठी तो स्वस्त सौदा आहे. ज्याला वर्षातून दोनदा लागतो त्याने रोज भाडं का भरावं. वयाचाही प्रश्न आहे, बाविसाव्या वर्षी शिकायला मिळतं ते जिथे खूप कंपन्या आहेत तिथेच, आणि ते शिकून, थोडं नाव करून मग छान शहरात गेलेला माणूस रांगेत मागे उभा राहत नाही. उलट क्रमाने केलं की अवघड जातं. मी कोणाला सल्ला द्यायचा झालाच तर एवढंच विचारतो की तिथे तुझ्या कामाच्या कंपन्या बोटावर मोजून दाखव. दोन हातांची बोटं भरली तर बिनधास्त जा. एकच बोट वर राहिलं तर त्या एका कंपनीतल्या जुन्या लोकांशी आधी बोल, ते किती वर्षं झाली तिथेच आहेत, आणि का.

आणि काही कामांना यातलं काहीच लागू होत नाही. नर्स, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, शाळेतले शिक्षक. ही माणसं प्रत्येक शहराला लागतात, मग शहर काही विको न विको. छान शहरांत तर यांच्या टंचाईची सतत ओरड असते, एकीकडे पदवीधर म्हणतात काम नाही आणि दुसरीकडे हॉस्पिटल म्हणतं माणसं मिळत नाहीत, आणि दोघंही खरं बोलतायत. कारण नर्सला तिथला पगार चालतो पण तिथलं भाडं परवडत नाही, सांता बार्बरात काम करणारे कितीतरी जण शेजारच्या व्हेंचुरा काउंटीतून नाहीतर लोंपोकहून रोज गाडी हाकत येतात. मग काही ठिकाणी हॉस्पिटलं, शाळा आणि स्कीइंगची रिसॉर्ट स्वतःच कर्मचाऱ्यांसाठी घरं बांधायला लागलीत. म्हणजे मालकही तेच आणि घरमालकही तेच. नोकरी सोडली की घरपण सोडायचं.